हाजींसाठी काडतुसं भरायचं यंत्र

माझे यजमान गेले त्याच्या पाचव्या महिन्यात आमचे घरमालक एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग घेऊन माझ्या दारात उभे राहिले. शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. सकाळी केलेला चहा ओट्यावर तसाच गार झाला होता आणि मी खुर्चीत बसून होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

घरमालकांना आखातातल्या त्या फहाहील गावात सगळे हाजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणत असे. वय साठीच्या पुढं, अंगानं उंच, पायात कायम चपला. तेल निघायच्या आधी ते गलबतावर होते. खजूर घेऊन मुंबईला यायचे, वारा फिरेपर्यंत बंदरातच राहायचे. तिथं शिकलेली हिंदी त्यांच्या तोंडी अजून शाबूत होती. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको राहत. तिला मी खाला म्हणायची. वरच्या मजल्यावर आधी आम्ही तिघं होतो, आता मी एकटी.

"डाक्टर," हाजी म्हणाले, "ये पढ़ के बताव. मेरे को मशीन लेने का है."

मी डॉक्टर नव्हते. तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देणारी फार्मासिस्ट होते. पण पांढरा कोट घालणारी प्रत्येक व्यक्ती हाजींच्या लेखी डॉक्टर होती, आणि ते दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

कॅटलॉग उघडून पाहिला तर सगळी बंदुकीच्या काडतुसांची यंत्रं. वापरलेलं काडतूस पुन्हा भरायची.

मी बसा म्हटलं. वाचून सांगते म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

यजमान तेल कंपनीत टेक्निशियन होते. ड्यूटीवर असताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. अडतीस वय. मी सांगलीला गेले, दिवसकार्य झालं. मग घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं की माझी नोकरी चांगली आहे, इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, माझ्याच नोकरीवर आहे, तेव्हा मी परत जावं आणि मुलीनं आजीजवळ राहावं. मुलगी सहा वर्षांची होती. मी हो म्हटलं. आई सारखी म्हणत होती, "रड बाई, मोकळी हो." मी एकदा न्हाणीघराचं दार लावून प्रयत्नही करून पाहिला. काही झालं नाही. परत आल्यावर दवाखान्यात कामाला लागले. गोळ्या मोजत होते, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होते, आणि चूक होत नव्हती. मुलीची आठवण येत नव्हती. येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

हाजींचं म्हणणं असं होतं. त्यांच्याकडे परवान्याच्या दोन बंदुका होत्या. शुक्रवारी दुपारनंतर ते दोस्तांबरोबर वाळवंटात जायचे, हवेत मातीच्या थाळ्या उडवायचे आणि त्या फोडायचे. वीस वर्षांचा शौक. पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा नेम चुकायला लागला होता. त्यांना सवयीची असलेली काडतुसं बाजारात यायची बंद झाली होती, आणि नवीन आली ती त्यांच्या मते बेकार होती. "धक्का ज़्यादा, काम कुछ नहीं." म्हणून स्वतःची काडतुसं स्वतः भरायची. अमेरिकेत शिकणाऱ्या पुतण्यानं कॅटलॉग पाठवला होता, पण यातलं नवख्या माणसानं काय घ्यावं हे त्यानं लिहिलं नव्हतं.

"तुम दवा तोलती है," हाजी म्हणाले. "ये भी तोलने का काम है."

मला काडतूस म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून एक रिकामं काढून टेबलावर ठेवलं. पितळी बुडाची लाल प्लास्टिकची नळी. बुडाला ठिणगी पाडणारी एक छोटी टोपी बसवायची, वर बंदुकीची दारू, तिच्यावर प्लास्टिकचं बूच, त्यावर शिशाचे छर्रे, आणि शेवटी नळीचं तोंड घडी घालून बंद करायचं. बस, एवढंच. मी कॅटलॉग ठेवून घेतला आणि पुढचे आठ-दहा दिवस कामावरून आले की तो वाचत बसले. आवड म्हणून नाही. समोर छापलेली अक्षरं होती, ती डोळ्यांखालून जात होती आणि डोक्यात दुसरं काही येत नव्हतं, एवढंच.

तरी वाचता वाचता कळत गेलं. दारूचं वजन ग्रेनमध्ये दिलेलं होतं. कॉलेजात आमचे एक म्हातारे मास्तर जुनी मापं घोकून घ्यायचे, त्यात ग्रेन होता. आयुष्यात परत कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. यंत्रं मुख्यतः दोन तऱ्हेची होती. एका तऱ्हेत एका वेळी एकच काडतूस. ते हातानं एका खोबणीतून पुढच्या खोबणीत सरकवायचं आणि दर वेळी दांडा ओढायचा. दुसऱ्या तऱ्हेत गोल फिरणारी थाळी, तिच्यावर पाच-सहा काडतुसं एकदम. दांडा ओढला की प्रत्येकावर एकेक काम होतं आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. हाजींना हे दुसरं हवं होतं. त्यांच्या दोस्ताकडे ते होतं.

"यंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही," मी म्हटलं.

तेव्हा एका गुरुवारी दुपारी आम्ही शहरात गेलो. हाजी गाडी चालवत होते, खाला आणि मी मागे. त्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले होते, पण तशी कधी गेले नव्हते. हाजी दोन लेनच्या मधून गाडी हाकत होते. एका सिग्नलला लाल दिवा होता आणि ते थांबलेच नाहीत. बाजूनं आलेल्या ट्रकनं इतका लांब हॉर्न दिला की पुढं बराच वेळ तो कानात होता. खालानं माझा हात धरला होता आणि ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मी तिच्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. माणसानं अशा वेळी घाबरायला हवं हे मला कळत होतं. मी घाबरले नाही.

दुकान दस्मान भागाच्या अलीकडे एका गल्लीत होतं. मासेमारीचं सामान, तंबू, दुर्बिणी, आणि आतल्या कपाटात बंदुका. काउंटरवरचा माणूस माझी साडी पाहून म्हणाला, "ताई, तुमी म्हराठी काय?" तो श्रीवर्धनकडचा होता, मुसलमान, तिशीचा. चौदा वर्षं त्याच दुकानात काढली होती. मी हो म्हटल्यावर तो खूश झाला. मग त्यानं हाजींशी अरबीत आणि माझ्याशी मराठीत एकाच वेळी बोलायला सुरुवात केली.

दोन्ही यंत्रं त्यानं काउंटरवर मांडली. हाजी सरळ मोठ्या यंत्राकडे गेले आणि दांडा वरखाली करू लागले. थाळी खट्‌खट्‌ फिरत होती.

"ह्यांनी या आधी कधी भरलीत?" त्यानं मला हळूच विचारलं.

"नाही. पहिलीच वेळ आहे."

"मग मोठं नका घेऊ देऊ, ताई. मालक मला वरडल, पण सांगतो. या थाळीवर पाच काडतुसं एकदम चालतात. मधेच कुटं अडकलं, मानूस इकडं-तिकडं बघायला लागला, की कोनत्या नळीत दारू पडली नि कोनत्या नळीत नाय ते कळत नाय. छोट्या मशीनीत एकच नळी. समोर दिसते."

हे मला लगेच पटलं. दवाखान्यातही तसंच असतं. पाच माणसांच्या चिठ्ठ्या एकदम हातात घेतल्या की गोळ्या चुकतात. एकाचं पूर्ण करून दुसऱ्याचं घ्यायचं असतं.

मी हाजींना विचारलं, "शुक्रवारी तुम्हाला किती लागतात?"

"पचास. कभी पचहत्तर."

"तर छोटं घ्या. आठवडाभरात तेवढी सहज होतील."

"दोस्त हसेगा."

"हसू दे."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. मी त्यांच्याशी इतकं तोडून कधी बोलले नव्हते. मग छोटंच ठरलं. त्याच्याबरोबर काउंटरवरचा माणूस दारूचं माप देत होता, ज्यात दांडा सरकवला की ठरावीक दारू पडते. मी म्हटलं, माप बरोबर आहे हे तपासायला काटा वेगळा हवा. त्यानं दोन काटे दाखवले. एक स्प्रिंगचा होता, तो मी बाजूला केला. दुसरा दांडीचा, जिच्यावर खाचा असतात आणि छोटं वजन सरकवतात. तो दवाखान्यातल्या काट्यासारखाच होता. मी तो रिकामा ठेवून शून्यावर येतो का पाहिला, बोटानं दांडी हलवून परत पाहिला. तीनदा तसं केलं. त्या दुकानात मी पहिल्यांदा कशाकडे तरी नीट पाहत होते. तपासणीची दोन लहान वजनंही घेतली, आणि कोणत्या नळीला कोणती दारू, कोणतं बूच आणि किती छर्रे हे सांगणारं कोष्टकांचं पुस्तक. दारू आणि टोप्या परवाना दाखवून हाजींनी नंतर आणल्या.

निघताना दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, भरताना शिगारेट नाय, नि गप्पा नाय. पुस्तकात लिवलंय त्यात एक कनही बदलायचा नाय." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"गेले," मी म्हटलं.

बंद कपाटातून त्यानं खजुराच्या बिस्किटांचा एक पुडा काढला आणि माझ्या पिशवीत घातला.

हाजींनी अंगणातली सामानाची खोली रिकामी केली. तिथं टेबल पक्कं करून त्यावर यंत्र बसवलं. मी पुस्तकातलं एकच कोष्टक निवडलं, हलक्या काडतुसाचं, कारण त्यांना खांद्याला धक्का नको होता. ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावलं. पहिल्या दिवशी मापातून पडलेली दारू मी वीसदा तोलली. वीसही वेळा ती बरोबर आली. हाजी शेजारी उभे राहून पाहत होते. नंतर त्यांनी स्वतः भरायला घेतलं, आणि त्यांना ते जमायला लागलं. शुक्रवारी सकाळी तासभर मी खाली जात असे, दहात एक अशी काडतुसांची दारू तपासून देत असे आणि वर येत असे. खाला जेवायला थांबवायची. मी जेवत असे. काय जेवले हे संध्याकाळी आठवत नसे.

महिना-दीड महिना असा गेला. हाजींचा नेम सुधारला नाही. एकदा मी त्यांना काट्याशी पाहिलं. समोरून न पाहता त्यांनी मान वाकडी केली होती, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते खाचा पाहत होते, आणि मग बोटानं चाचपून वजन कोणत्या खाचेत आहे ते मोजत होते. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. त्या काळात मी बऱ्याच गोष्टी नुसत्या पाहत होते.

मग तो शुक्रवार आला. मला खाली यायला उशीर झाला होता. हाजींनी चाळीस काडतुसं भरून लाकडी ट्रेमध्ये उभी केली होती आणि ते नमाजाला जायची तयारी करत होते. दुपारी दोस्त येणार होते. मी सहज ट्रेवरून नजर फिरवली. एका काडतुसाचं तोंड नीट मिटलं नव्हतं. बाकीच्यांच्या घड्या सपाट होत्या, याची वर आली होती, जणू आत काही मावत नव्हतं.

मी ते कात्रीनं उघडलं. छर्रे वाटीत काढले, बूच ओढलं, दारू काट्याच्या थाळीत ओतली. दांडी वर गेली आणि खाली यायचं नाव घेईना. वजन सरकवत सरकवत मी पुढं नेलं. दारू बरोबर दुप्पट होती.

एका नळीत दोनदा दारू पडली होती. छोट्या यंत्रात नळी समोर दिसते, म्हणून आम्ही ते घेतलं होतं. हाजींना ती दिसली नव्हती.

ते काडतूस बंदुकीत गेलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. कॅटलॉग आणि पुस्तक दोन्ही मी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. बंदुकीची नळी फाटते. धरणाऱ्याची बोटं जातात, डोळे जातात, शेजारी उभा असलेला माणूसही जातो. माझे हात थरथरायला लागले. मी खोलीतल्या एका रिकाम्या डब्यावर बसले. ही भीती आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

हाजी दारात आले. "क्या हुआ?"

मी थाळी दाखवली. "यात दोनदा दारू पडली आहे."

"एक में गलती हो गया. बाकी अच्छा है."

"बाकी आपण दोघांनी मिळून पाहू या. हाजी, माझ्या हाताची बोटं किती आहेत?"

मी दोन बोटं वर केली होती. आमच्यात फार तर सहा हात अंतर होतं. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं. "काडतुसं खराब नव्हती. तुम्हाला दिसत नाही."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं. राग होता, पण मूल खोटं बोलताना सापडल्यावर होतं तसंही काही होतं. खाला माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला हिंदी येत नव्हती, तरी तिला सगळं कळलं असावं, कारण ती खाली पाहत होती. तिला आधीपासून माहीत होतं.

"ऊपर जाव," हाजी म्हणाले. "अपने घर जाव."

मी गेले नाही. डब्यावर बसून मी उरलेली एकोणचाळीस काडतुसं एकेक करून उघडली. हाजी दारात उभे राहून पाहत राहिले, मग मशिदीत निघून गेले. एकोणचाळीसांत आणखी एक दुप्पट निघालं आणि एकात दारूच नव्हती. सगळी दारू मी दारूच्या डब्यात ओतली, त्याला झाकण लावलं, खोलीला कुलूप घालून किल्ली खालाच्या हातात दिली आणि वर आले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझे हात थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठले तर सगळं परत पहिल्यासारखं होतं. गोळ्या, बाटल्या, चिठ्ठ्या.

तीन आठवडे हाजी माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात दिसले तर सलाम घेत आणि पुढं जात. मला वाटलं घर सोडावं लागेल. त्याचंही फार काही वाटलं नाही. खाला मात्र ताटावर ताट झाकून वर जेवण पाठवत राहिली.

चौथ्या आठवड्यात औषधांच्या खिडकीशी रांगेत हाजी उभे दिसले. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी चिठ्ठी दिली नाही.

"आँख का डाक्टर कौन अच्छा है?" त्यांनी विचारलं. आवाज इतका खाली होता की मागच्याला ऐकू गेला नसेल.

मी खिडकी दुसऱ्या बाईला दिली आणि त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या विभागात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, पिकलेले. डॉक्टर म्हणाले, हे गाडी चालवत इथपर्यंत आले कसे? हाजी म्हणाले, रस्ता पाठ आहे.

एक डोळा त्या हिवाळ्यात झाला, दुसरा उन्हाळ्याच्या आत. तेव्हा ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. तो लावून हाजी पुन्हा भिंतीवरचं कोष्टक वाचू लागले, काट्यावरच्या खाचा पाहू लागले, पण हवेतल्या थाळीवर नेम काही धरता येईना. थाळी एका जागी दिसे आणि असे दुसरीकडे. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी बंदुका पुतण्याच्या नावावर केल्या. यंत्र मात्र ठेवलं. दोस्त रिकामी काडतुसं आणून देत आणि हाजी ती भरून देत, एका वेळी एक. मोठ्या यंत्रावरून हसणारा दोस्तही त्यांत होता.

त्या उन्हाळ्यात मी सांगलीला सुट्टीवर गेले आणि मुलीला घेऊन आले. कोणाला विचारलं नाही, ठरवलं आणि सांगितलं. स्टेशनवर ती आजीच्या पदराआड उभी राहून माझ्याकडे पाहत होती. विमानात ती माझ्याशी अगदी नीट, पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. फहाहीलला शाळेत घातलं, वर्षभरात ती घरातही इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत सांगायची. आमचं चांगलं चाललं होतं असं बाहेरून कोणीही म्हटलं असतं. मीही म्हणत होते.

दुसऱ्या वर्षीची शाळा सुरू व्हायच्या आधी मी तिला बाजारात बुटांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं नंबर विचारला. मी तोंड उघडलं आणि मला नंबर माहीत नव्हता. कोणत्याच वर्षाचा माहीत नव्हता. मुलगी स्टुलावर बसून पाय पुढं करून थांबली होती. तिचे पाय लांब झाले होते, अंगठे तिच्या वडिलांसारखे बाहेर वळलेले होते, आणि ते मी पहिल्यांदा पाहत होते.

मी तिथेच बाकावर बसले आणि रडायला लागले. दुकानदारानं पाणी आणलं. शेजारच्या गिऱ्हाइकानं दुसरीकडे तोंड वळवलं. मुलगी उठली, अनवाणी माझ्याजवळ आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आई, नको रडू," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मोठा नंबर घेऊ आपण. वर्षभर पुरेल."